मोहन रानडेंची सुटका: दोन देश बोलत नव्हते तेव्हा शब्द कोणी टाकला

सरकारं एकमेकांशी बोलायची बंद झाली की बाहेरची माणसं मध्ये पडून काही करू शकतात का, हा विषय निघाला की सगळे लगेच ओस्लोचं उदाहरण देतात, म्हणजे १९९३ चं, नॉर्वेच्या लोकांनी इस्रायली प्राध्यापक आणि पीएलओची, म्हणजे पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेची, माणसं गुपचूप एकत्र बसवली ते. उदाहरण चांगलंच आहे. पण गोव्यात बसून एवढं लांब कशाला जायला हवं? आपल्याकडे मोहन रानडेंची केस आहे, आणि ती फक्त स्वातंत्र्यसैनिकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, १८ जूनच्या क्रांतिदिनाला किंवा १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाला भाषणात दोन वाक्यं येतात, हार घातला जातो, झालं. डिप्लोमसीची केस म्हणून ती कोणी उलगडून बघत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण १९५५ ते १९७४ भारत आणि पोर्तुगाल यांच्यात राजनैतिक संबंधच नव्हते आणि त्याच काळात लिस्बनजवळच्या तुरुंगातून एक माणूस बाहेर काढला गेला. कोणत्या रस्त्याने, ते नीट बघूया.

आधी माणूस. रानडे मूळचे सांगलीचे, खरं नाव मनोहर आपटे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात आले ते मराठीचे मास्तर म्हणून, फोंडा तालुक्यात सावई-वेरेंला. मोहन रानडे हे नाव त्यांनी इथेच घेतलं. आझाद गोमंतक दलात गेले, म्हणजे सत्याग्रहवाल्यांत नाही, बंदूक उचलणाऱ्यांत. १९५४ ला दादरा नगर हवेली मोकळी झाली त्या मोहिमेतही ते होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला त्यात त्यांना गोळी लागली आणि ते पकडले गेले. बेती कुठे आहे हे गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, पणजीत आदिलशहाच्या वाड्यासमोर, मांडवीच्या काठावर उभं राहिलं की पलीकडे अगदी समोर दिसते ती बेती. म्हणजे ज्या इमारतीतून पोर्तुगीज सरकार कारभार करायचं त्याच्या नजरेसमोर हा हल्ला झाला. शिक्षा २६ वर्षांची झाली, पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. त्यातली काही वर्षं तर पूर्ण एकांतकोठडीत. काशियास म्हणजे पीडे या गुप्त पोलिसांचा राजकीय कैद्यांसाठीचा तुरुंग, तिथे पोर्तुगालचे स्वतःचे कम्युनिस्ट आणि तिथला हुकूमशहा सालाझार याचे विरोधकही सडत होते.

आता कोंडी कुठे होती ते बघू, कारण ती समजली नाही तर पुढचं सगळं नुसतं भावनिक वाटेल.

ऑगस्ट १९५५ मध्ये संबंध तुटले. त्याच महिन्यात १५ तारखेला सत्याग्रही सीमा ओलांडून आले, पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी गोळीबार झाला, वीसच्या वर माणसं गेली. त्यानंतर भारताची बाजू पोर्तुगालमध्ये इजिप्त सांभाळायचा आणि पोर्तुगालची बाजू दिल्लीत ब्राझील. म्हणजे निरोप पोचवायला माणूस होता, पण निरोप पोचवणं वेगळं आणि मन वळवणं वेगळं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आग्वादच्या किल्ल्यातल्या तुरुंगातले कैदी सुटले, आणि लोकांना वाटलं आता सगळेच सुटणार. पण जे कैदी आधीच पोर्तुगालला नेले होते त्यांच्यासाठी १९ डिसेंबर उजाडलाच नाही. उलट त्यांचं अवघड झालं. सालाझारने गोवा गेला हे मान्यच केलं नाही, त्यांच्या कागदावर गोवा पोर्तुगालचा प्रांतच राहिला, फक्त परक्या सैन्याच्या ताब्यातला. त्या हिशोबाने रानडे कोण? पोर्तुगीज भूमीवर पोलीस चौकीवर हल्ला केलेला, पोर्तुगीज न्यायालयाने शिक्षा दिलेला गुन्हेगार. भारताच्या हिशोबाने कोण? भारताच्या एका भागाला मुक्त करायला लढलेला भारतीय नागरिक. लिस्बनने भारताच्या मागणीवरून त्यांना सोडलं तर भारताचं म्हणणं खरं ठरतं, आणि भारताने दयेचा अर्ज केला तर शिक्षा कायदेशीर होती हे मान्य केल्यासारखं होतं. दोघांनाही जागचं हलता येत नव्हतं. ही खरी गाठ होती, नुसता सालाझारचा हट्ट नाही.

एक संधी मात्र आली होती आणि ती गेली याची चुटपुट मला कायम लागते. गोव्यात शरण आलेले तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक फोंडा, वास्को, आग्वाद इथल्या छावण्यांमध्ये होते. सालाझारला ते परत नेण्याची घाई नव्हती, कारण शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम असताना ते शरण आले होते, त्यांचा गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा याला तर नंतर सैन्यातून काढून टाकलं. तिकडे मोझांबिकमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांना पोर्तुगीजांनी बदला म्हणून छावण्यांत डांबलं, त्यांची मालमत्ता गोठवली. शेवटी मे १९६२ मध्ये सैनिक विमानाने दाभोळीहून कराचीला आणि तिथून बोटीने घरी गेले. रानडे आणि त्यांच्यासारखे काशियासमध्येच राहिले. भारताच्या हातात देण्यासारखं जे होतं ते दिलं गेलं आणि त्या व्यवहारात हे कैदी आले नाहीत. त्यानंतर सरकारकडे ओढायला दोरीच उरली नाही. संसदेत प्रश्न विचारले जायचे, उत्तरं मिळायची, पुढे काही नाही. यात मी कुठल्या एका अधिकाऱ्याला दोष देत नाही, पण अधिकृत मार्ग संपतो म्हणजे नक्की काय होतं ते इथे दिसतं, तो कोणी दार आपटून बंद करत नाही, हातात द्यायला काही उरत नाही म्हणून बंद होतो.

मग काम केलं कोणी?

पहिलं नाव सुधीर फडके, आपले बाबूजी. बाबूजी १९५४ च्या दादरा नगर हवेलीच्या मोहिमेत स्वतः होते त्यामुळे रानडे त्यांच्यासाठी पेपरातलं नाव नव्हतं, सोबतचा माणूस होता. ज्यांची गाणी घराघरात वाजत होती तो माणूस रानडेंच्या सुटकेसाठी समिती उभी करून वर्षानुवर्षं मागे लागला. आता याला डिप्लोमसी म्हणायचं का असं कोणी विचारेल. मी तर म्हणतो हाच पाया. कैद्याचं काय होतं, पहिली दोन वर्षं सगळे आठवण काढतात, मग नवा प्रश्न येतो, १९६२ ला चीन, १९६५ ला पाकिस्तान, दुष्काळ, भाववाढ, आणि काशियासमधला एक मास्तर कोणाच्या यादीत राहतो? नाव यादीतून पुसू न देणं हे काम सरकार करत नाही, ते कोणीतरी हट्टी माणूसच करतो. पुढे ज्याच्याकडे पोपला भेटायची संधी येईल त्याच्या कानावर हे नाव आधी पडलेलं असावं लागतं ना.

दुसरं नाव ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. सी. एन. अण्णादुराई, मद्रास राज्याचे मुख्यमंत्री. पेरियारांच्या चळवळीतून वर आलेला माणूस, देवाधर्माच्या थोतांडावर आयुष्यभर टीका केलेला. १९६८ च्या परदेश दौऱ्यात ते व्हॅटिकनला गेले आणि पोप पॉल सहावे यांना भेटले तेव्हा त्यांनी रानडेंच्या सुटकेसाठी शब्द टाकला. विचार करा, तमिळ मुख्यमंत्री, ना गोव्याशी संबंध ना मराठीशी, परराष्ट्र खातं त्यांच्याकडे नाही, वर्षभरापूर्वी दिल्लीतल्या सत्ताधारी पक्षाला आपल्या राज्यात हरवून आलेले. पोपसमोर मिळालेल्या त्या थोड्या वेळात त्यांना स्वतःच्या राज्यासाठी कितीतरी मागता आलं असतं. त्यांनी सांगलीहून गोव्याला आलेल्या आणि लिस्बनला अडकलेल्या एका माणसासाठी मागितलं. गोव्यात त्यांच्या नावाने काय आहे मला दाखवा. असायला हवं.

तिसरी बाजू खुद्द पोपची, आणि इथे जरा थांबायला हवं कारण हीच बाजू सगळ्यात कमी सांगितली जाते. कॅथलिक पोर्तुगाल आणि पोप म्हणजे पोपने सांगितलं आणि त्यांनी ऐकलं असं साधं नव्हतं. सालाझार लहानपणी सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकलेला, त्याच्या सरकारने १९४० ला व्हॅटिकनशी करार केलेला, चर्च हा त्याच्या राजवटीचा मोठा आधार. पण पॉल सहावे यांच्याशी त्याचं बिनसलेलं होतं आणि कारण भारतच होता. डिसेंबर १९६४ मध्ये पोप युकॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक संमेलनासाठी, मुंबईला आले. यजमान कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस, ते गोंयकार आईबापांचे. गोवा घेऊन तीन वर्षं झालेली असताना पोप भारतात जातो याचा पोर्तुगालला एवढा राग आला की परराष्ट्रमंत्री फ्रांकु नोगेरा यांनी विनाकारण केलेला अवमान अशा शब्दांत जाहीर निषेध केला. मग १३ मे १९६७ ला पोप पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थक्षेत्राला गेले, पण लिस्बनला उतरलेच नाहीत, मोंती रेआलच्या लष्करी विमानतळावर उतरले, तिथून थेट फातिमा आणि त्याच दिवशी परत. सालाझार भेटायला तिथे आला. यात्रेकरू म्हणून आलोय, सरकारी पाहुणा म्हणून नाही, हे न बोलता सांगून झालं आणि तरी पोर्तुगालच्या लोकांचा मानही राखला गेला.

म्हणजे हा मध्यस्थ दोघांपैकी कोणाच्याही खिशातला नव्हता. भारतात येऊन गेलेला म्हणून दिल्लीला जवळचा, फातिमाला येऊन गेलेला म्हणून लिस्बनला टाळता न येणारा. आणि मुख्य म्हणजे पोपने विनंती केली तर ती भारताची मागणी राहत नाही. दोन घरांचं जाणंयेणं बंद असतं तेव्हा दोघांनाही मान असलेल्या वाड्यावरच्या म्हाताऱ्याने निरोप दिला तर कोणी हरत नाही, तसंच. पोर्तुगालला गोव्याबद्दल एक अक्षर बदलावं लागलं नाही, शिक्षा चुकीची होती असं म्हणावं लागलं नाही, धर्मपित्याच्या सांगण्यावरून दया दाखवली एवढंच. भारतालाही शिक्षा मान्य करावी लागली नाही. १९६२ पासून जी गाठ सुटत नव्हती ती कोणी सोडवलीच नाही, तिला बाजूला ठेवून माणूस बाहेर काढला. मला या सगळ्या केसमध्ये ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. अण्णादुराई त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ फेब्रुवारी १९६९ ला गेले. तेलो दि माश्करेन्यस, पोर्तुगीजमधून गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लिहिणारा कवी-पत्रकार, तोही तिकडेच शिक्षा भोगत होता, तो १९७० मध्ये सुटून आला.

टायमिंगचा मुद्दा

आता इथे प्रामाणिक राहायला हवं. पोपच्या एका शब्दाने सगळं झालं असं सांगितलं की ऐकायला छान वाटतं, पण तारखा लावून बघा. ऑगस्ट १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, डोक्याला मार लागला, सप्टेंबर संपता संपता मार्सेलु काएतानु पंतप्रधान झाला. नव्या माणसाला आपण थोडे मवाळ आहोत हे जगाला दाखवायचं होतं. आफ्रिकेत अंगोला, गिनी, मोझांबिक अशी तीन युद्धं चालू, बाहेर नाव खराब झालेलं. मग त्याने काय केलं, आधी मारियु सुआरिश या विरोधी वकिलाला साओ तोमे बेटावर हद्दपार केलं होतं त्याला नोव्हेंबर १९६८ मध्ये परत येऊ दिलं. जानेवारीत रानडे. त्याच वर्षी दहा वर्षं देशाबाहेर ठेवलेल्या पोर्तु शहराच्या बिशपलाही परत येऊ दिलं. म्हणजे दार थोडं किलकिलं झालं होतं आणि त्यातून मोजकी माणसं बाहेर पडली.

मग पोपच्या शब्दाचं काय मोल? माझं उत्तर सरळ आहे. दार किलकिलं झालं तेव्हा काशियासमध्ये शेकडो कैदी येऊन गेलेले आणि असलेले, त्यातला कोण बाहेर येणार? ज्याच्यासाठी कोणी वजनदार माणसाने विचारलेलं आहे तो. नव्या पंतप्रधानाला चांगुलपणा दाखवायला एक नाव हवं होतं आणि ते नाव व्हॅटिकनकडून आधीच येऊन पडलेलं होतं. सालाझार असता तर कदाचित तोच शब्द फाइलीत पडून राहिला असता, आणि शब्दच टाकला नसता तर काएतानुला रानडे कोण हे कशाला आठवलं असतं. बाबूजींची वर्षानुवर्षांची धडपड, अण्णांची भेट, पोपचं वजन आणि लिस्बनमधला बदल, हे चारही लागले. अनौपचारिक मार्गाने काम करणाऱ्यांना वेळ कधी येईल हे ठरवता येत नाही, वेळ येईल तेव्हा आपलं म्हणणं तिथे पोचलेलं असेल एवढंच त्यांना करता येतं, आणि इथे त्यांनी ते केलं.

याचा हिशोब वर्षांत मांडता येतो. २६ वर्षांची शिक्षा १९८० नंतरच संपली असती. एप्रिल १९७४ ला पोर्तुगालमध्ये कार्नेशन क्रांती झाली, २५ ला सत्ता पालटली आणि दुसऱ्याच दिवशी रात्री काशियासचे दरवाजे उघडले, कैद्यांना खांद्यावर घेऊन लोक नाचले. म्हणजे कोणीच काही केलं नसतं तरी रानडे तेव्हा सुटलेच असते असं कोणी म्हणू शकतो. हो, पण ती पाच वर्षं? चाळिशीला टेकलेल्या माणसाची, आधीच तेरा वर्षं आत काढलेल्या माणसाची पाच वर्षं. ज्यांना हे थोडं वाटतं त्यांनी एक आठवडा खोलीतून बाहेर न पडता काढून बघावा.

काय झालं नाही

अनौपचारिक डिप्लोमसीचे गोडवे गाणारे एक गोष्ट सांगायची टाळतात. या सुटकेने भारत-पोर्तुगाल वाद एक इंचही पुढे गेला नाही. पुढची पाच वर्षं लिस्बनची भूमिका तीच. वाद मिटला तो राजवटच गेल्यावर, आणि मिटवला अधिकृत माणसांनीच, ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला, पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा नगर हवेलीवर भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. भारताकडून सही यशवंतराव चव्हाणांची, परराष्ट्रमंत्री म्हणून. पोर्तुगालकडून सही कोणाची? मारियु सुआरिशची. तोच, साओ तोमेवरून परत येऊ दिलेला. रानडेंच्या दोन महिने आधी ज्याला मोकळं केलं त्यानेच सहा वर्षांनी मूळ भांडण संपवलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर होतो.

म्हणून माझं मत असं की बिनसरकारी मध्यस्थीकडून भूमीचा आणि सार्वभौमत्वाचा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा धरू नये, पण कैदी, आजारी, अडकलेले मच्छीमार, ताटातूट झालेली कुटुंबं, मृतदेह परत आणणं, इथे ती सरकारपेक्षा लवकर पोचते कारण तिच्यासमोर कोणाला हरावं लागत नाही. आज गुजरातचे मच्छीमार कराचीच्या तुरुंगात आणि तिकडचे आपल्याकडे असतात, त्यांच्यासाठी दोन्हीकडचे निवृत्त न्यायाधीश आणि मच्छीमार संघटना धडपडतात, तेही याच जातीचं काम.

याला अपवाद आहे आणि तो नेमका आपल्या बार्देशचा. आकिनु दि ब्रागांसा, १९२४ चा जन्म, गोव्यातून शिकायला गेला आणि पत्रकार होऊन आफ्रिकेच्या वसाहतविरोधी लढ्यात मुरला. १९७४ च्या क्रांतीनंतर मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता सामोरा माशेल याने याच गोंयकाराला गुपचूप लिस्बनला पाठवलं, नव्या राजवटीतले लष्करी अधिकारी खरंच काय विचार करतात ते चाचपायला. त्याच्याकडे कोणतंही पद नव्हतं, पण तो दोघांचीही भाषा आणि डोकं ओळखत होता. ७ सप्टेंबर १९७४ ला लुसाकाचा करार झाला आणि मोझांबिकच्या स्वातंत्र्याची तारीख ठरली. इथे खाजगी दूताने थेट युद्ध संपवण्याला हात लावला, कारण दोन्ही बाजूंना संपवायचंच होतं, फक्त एकमेकांवर विश्वास नव्हता. रानडेंच्या केसमध्ये १९६९ ला लिस्बनला गोव्याचा प्रश्न संपवायचाच नव्हता. त्यामुळे त्याच प्रकारचा प्रयत्न एकीकडे एका माणसापुरता राहिला आणि दुसरीकडे देशापर्यंत गेला. आकिनु १९८६ ला माशेलबरोबर विमान अपघातात गेला. गोव्यातल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे?

रानडे परत आले, चिंबलच्या वस्तीतल्या मुलांसाठी काम केलं, २००१ ला पद्मश्री मिळाली, २५ जून २०१९ ला पुण्यात गेले. सुटकेचं श्रेय कोणाला यावर आजही वाद घालणारे भेटतात, कोणी म्हणतं सगळं बाबूजींचं, कोणी म्हणतं अण्णांचं, चर्चवाले म्हणतात पोपचं. वाद घालण्यापेक्षा कागद बघायला हवेत. पीडेचं दप्तर लिस्बनच्या तोरि दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि अभ्यासकांना बघता येतं. व्हॅटिकनने २०२० मध्ये पायस बारावे यांच्या काळापर्यंतचे कागद उघडले, पॉल सहावे यांची पाळी अजून यायची आहे. गोव्यात पोर्तुगीज शिकणारी मुलं आहेत, त्यातली मराठी वाचणारीही आहेत. त्यातल्या कोणीतरी पीएचडीसाठी हा विषय घ्यावा, आधी लिस्बनचं दप्तर, मग चेन्नईत अण्णांच्या दौऱ्याचे कागद, मग पुण्या-मुंबईत समितीचा पत्रव्यवहार कोणाच्या माळ्यावर पडलाय तो शोधावा, तो कागद वाळवी खायच्या आत.